फणसाला चढवलेलं म्हातारपण

गुंडोच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी फणसाच्या लाकडाचा वास यायचा. गोडसर, थोडा तुरट. त्याच्यामागून शेजारच्या लेथवरच्या तेलाचा. मद्रासच्या गिंडी औद्योगिक वसाहतीत पत्र्याची अर्धी शेड त्याने भाड्याने घेतली होती आणि उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये दिवसभर बोल्ट कापले जायचे. २००६ च्या डिसेंबरातल्या एका सकाळी मात्र मी दारातच थबकले आणि पदर नाकाला लावला. अमोनिया! नाटक कंपनीबरोबर मी चौदा वर्षं हिंडले. तंबू कुठल्याही गावात पडो, रंगपटाच्या मागे मुतारीचा हा वास ठरलेला. त्या वासात उभी राहून मी शालू नेसले आहे, राणी झाले आहे. पण तो माणसांचा वास होता, त्याला इलाज नव्हता. हा वास गुंडोने स्वतःच्या हाताने बाटलीतून ओतला होता, एका नव्याकोऱ्या बेस गिटारवर, ती जुनी दिसावी म्हणून.

मला किळस आली. अजूनही आठवलं की येते.

गुंडो राव तंजावरचा. मराठ्यांच्या राज्याबरोबर जी घराणी तिकडे गेली आणि तिथलीच होऊन राहिली, त्यांतल्या एका घरातला. दहाव्या वर्षी तो वीणा करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली लागला. पुढे मद्रासला आला आणि आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात तीस वर्षं लाकडी साचे करत राहिला. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. नकाशात जे लिहिलं असेल ते केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. हीच सवय त्याच्या हाडात मुरली होती.

माझी त्याची ओळख पंचाहत्तर साली झाली. माझे यजमान रेल्वेत होते आणि आम्ही एग्मोरच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. कंपनी सुटली तरी नाटकाची खाज सुटली नव्हती, म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी नाटकं बसवायची. त्या वर्षी नायिकेच्या मांडीवर एक वीणा हवी होती. कुणीतरी गुंडोचं नाव सांगितलं. मी त्याला म्हटलं, पुठ्ठ्याची कर, वरून सोनेरी कागद लाव. तीन आठवड्यांनी तो वीणा घेऊन आला. दोन माणसांनी उचलून आणली होती! तारा लावलेल्या, सुरात.

"गुंडो, अरे, मला नुसती दिसायला हवी होती."

"दिसायला म्हणजे कशी, अक्का?" तो खरोखरच गोंधळला होता. "वीणा दिसते म्हणजे वाजते कीं."

दुसऱ्या अंकात नायिकेच्या पायाला मुंग्या आल्या आणि ती प्रवेश संपल्यावर उठूच शकली नाही. राजपुत्राने तिला वीणेसकट ओढत विंगेत नेलं. लोक पोट धरून हसले. पण ती वीणा अजून मांबळमधल्या एका घरात रोज वाजते. खोटी वस्तू गुंडोच्या हातून होतच नसे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

बेस गिटारकडे तो वळला तो व्यंकटमुळे. व्यंकट गुंडोच्याच जातीभाषेतला, सिनेमाच्या स्टुडिओत बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांचं, विजेवर चालणारं हे वाद्य गाण्याच्या तळाशी खर्ज धरून बसतं. आमच्या कंपनीतल्या प्रॉम्प्टरसारखं. तो आहे हे कुणाला कळत नाही, पण नसला की सगळे उघडे पडतात. एकदा व्यंकटच्या परदेशी गिटारची मान मोडली. गुंडोने ती जोडली आणि जोडता जोडता म्हणाला, ही मान तुझ्या हाताची नाहीच. मग त्याने ब्राऊन पेपरवर व्यंकटचा डावा पंजा ठेवला, पेन्सिलीने कड काढली, बोटांची लांबी मोजली आणि त्या हातासाठी नवी गिटार केली.

तेव्हापासून ही रीतच पडली. गिऱ्हाईक यायचं, आपल्याला काय काय हवं ते सांगायचं: तारा चार की पाच, वजन किती, मान जाड की बारीक, आवाज गोल हवा की टोकदार. गुंडो सगळं लिहून घ्यायचा आणि शेवटी हात घ्यायचा. 'हात घेणे' हा त्याचाच शब्द. तो कागद मग भिंतीवरच्या खिळ्याला लागायचा. शेडची एक अख्खी भिंत अशा पंजांनी भरली होती. चर्चमध्ये वाजवणाऱ्यांचे, कॉलेजच्या पोरांचे, स्टुडिओतल्या वादकांचे. त्यातले काही मेलेही होते. हात घेतला म्हणजे शब्द दिला. त्यानंतर गुंडो कुणाला नाही म्हणत नसे.

आता त्या फळीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. गुंडोच्या बायकोच्या माहेरी, तंजावरला, परसात फणसाचं जुनं झाड होतं. तिच्या लहानपणी ती त्याच्याच खाली खेळली. घर विकलं तेव्हा झाड पाडलं आणि गुंडोने त्याच्या फळ्या रेल्वेने मद्रासला आणवल्या. त्यांतून त्याने पाच गिटार केल्या. बायको गेली तेव्हा एक फळी उरली होती. ती त्याने बावीस वर्षं वाळवत ठेवली. त्यात एक दिवस रंधा मारताना त्याचा उजवा अंगठा थरथरायला लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मी विसरले. गुंडोला एवढंच कळलं की आता एकच गिटार होईल आणि ती या फळीची होईल.

"व्यंकटा, तुला करूं का?" त्याने माझ्यासमोर विचारलं होतं.

व्यंकटने आपली वाकडी झालेली बोटं त्याच्या तोंडासमोर नाचवली. "या भेंड्यांना? स्टुडिओत आता कीबोर्डवाला एका बोटाने माझं काम करतो. कुणा तरण्याला दे कीं. जो रोज वाजवेल."

"रोज वाजवेल त्यालाच," गुंडो म्हणाला. "नाहीतर तिचं झाड भिंतीवर टांगायला मी ठेवलों नाही."

आणि मी, मी शहाणी, त्याच्याकडे शार्दूलला घेऊन गेले.

शार्दूल पुण्याचा, चौतिशीतला. पेरुंगुडीच्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत मॅनेजर. मंडळाच्या गणपतीत एका भावगीताच्या मागे त्याने कुणाची तरी बेस गिटार धरली होती आणि ती फार झोकात धरली होती. नंतर तो माझ्या घरी येऊ लागला. थालीपीठ खायचा आणि म्हणायचा, "काकू, कंपनीतलं सांगा ना काहीतरी." बस्स! श्रोता मिळाला की आम्ही नटमंडळी आंधळी होतो. वेटिंग रूममध्ये कपड्यांच्या ट्रंकेवर मी कशी झोपायची ते मी त्याला सांगितलं. मिरजेच्या मुक्कामात भर प्रयोगात पेट्रोमॅक्स ऑर्गनवर कशी कलंडली, झाकणावर चवलीएवढा काळा डाग कसा पडला, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या आमच्या दत्ताजींनी उजव्या हाताने सूर न सोडता डाव्या हाताने ती तापलेली बत्ती उचलून खाली कशी ठेवली, तेही सांगितलं. त्यांच्या तळव्याची साल निघाली होती. पद मी गात होते. सूर हलला नाही, म्हणून मला काही कळलंच नाही. हे सांगताना माझे डोळे भरून यायचे. शार्दूलचेही यायचे.

गुंडोच्या शेडमध्ये त्याने भराभर आपल्या अटी सांगितल्या. पाच तारा, बारीक मान, वजन कमी. मग मला मोठ्याने कुजबुजत विचारलं, "काकू, हे कुठलं मराठी? 'मी केलों' काय?"

"तीनशे वर्षांचं आहे," गुंडो वही पाहत म्हणाला. "तुमचं कधीचं?"

मी हसले. शार्दूलही हसला. गुंडोने त्याचा डावा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं चाचपून पाहिली. जाड तारा दाबून दाबून तिथे घट्टे पडतात. ती टोकं लोण्यासारखी होती.

"घट्टे कुठं गेले, तम्बी?" त्याने धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं.

"दोन वर्षं प्रोजेक्टमुळे, गणपती सोडला तर, हातच लागला नाही, अंकल. त्याआधी पंधरा वर्षं वाजवलंय. कॉलेजपासून."

गुंडोने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही काय म्हणतां?"

"मुलगा आपला आहे," मी म्हणाले. "मी सांगते ना. दे."

ते 'दे' मी ज्या आवाजात म्हणाले तो मला अजून ऐकू येतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. गुंडोने ब्राऊन पेपर पसरला आणि हात घेतला.

पाच महिने तो त्या फळीवर होता. अंगठा थरथरायला लागला की रंधा खाली ठेवायचा, हात काखेत दाबून बसायचा, थांबला की पुन्हा उचलायचा. गिटारच्या मागे वायरींवर जे झाकण असतं, त्याच्या आत त्याने पेन्सिलीने बायकोच्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं, त्याखाली शार्दूलचं. नोव्हेंबरात तारा चढल्या. त्याने खालची जाड तार छेडली आणि माझ्या पायाखालची फरशी गुणगुणली. हळदीच्या रंगाचं ते अंग, वर एक ओरखडा नाही. गुंडो त्यावर हात फिरवत राहिला.

शार्दूल आला, त्याने गिटार गळ्यात अडकवली आणि मोबाईलमध्ये स्वतःला पाहिलं.

"मस्त झालीय, अंकल. फक्त एकच. फार नवीन दिसते."

"नवीनच आहे कीं."

"हो, पण मला जुनी पाहिजे." त्याने बॅगेतून छापील कागद काढले. गिटारचे पुढून-मागून फोटो, त्यावर बारा लाल वर्तुळं. "हल्ली बाहेर सगळे करून घेतात. इथे कड झिजलेली. इथे पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे. खिळे, स्क्रू गंजलेले. इथे जळका डाग. एकूण रंग काळपट."

"जुनी पाहिजे तर वाजवा," गुंडो समजावत म्हणाला. "फणस आहे हा. आज पिवळा आहे. तुम्ही वाजवत राहिलां तर वीस वर्षांत तांबडा होतो. आपोआप."

"वीस वर्षं? आमच्या ऑफिसच्या बँडची कॉम्पिटिशन जानेवारीत आहे, अंकल! अमेरिकेच्या ऑफिसातले लोक येणार आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय, माझी पुण्याची जुनी गिटार आणतो म्हणून."

"मग पुण्याची जुनी गिटार आण ना," मी म्हणाले.

तो कागदांच्या कडा जुळवायला लागला. तेव्हा मला कळलं की पुण्याची जुनी गिटार नव्हतीच.

"अरे, लाज नाही वाटत?" माझा आवाज चढला. शेजारचा लेथवाला डोकावून गेला. "न जगलेली पंधरा वर्षं अंगावर घालून मिरवणार?"

"काकू, तुम्ही तरी असं म्हणू नका." तो हसला, गोड हसला. "सव्विसाव्या वर्षी केसांना पांढरा रंग फासून तुम्ही सासू झाला होतात. तुम्हीच सांगितलंत. ते चालतं?"

चौदा वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई मी, आणि ऐनवेळी वाक्य विसरले! उत्तर सापडलं ते घरी जाताना, बस सैदापेटच्या पुलावर अडकली तेव्हा. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं, त्याला ठाऊक असतं की ही म्हातारी नाही. पडदा पडला की मी तोंड धुवायची. हा तोंड धुणार नव्हता.

पण शेडमध्ये तेव्हा गुंडो बोलला. कागदावर त्याचं बोट बाराव्या वर्तुळानंतरच्या ओळीवर थांबलं होतं. "मान आणि पडदे, झीज नैसर्गिक, असं लिहिलंत. नैसर्गिक म्हणजे?" पडदे म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. तार त्यांच्यावर दाबून सूर निघतो.

"म्हणजे खऱ्यासारखी. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की याच हातांनी झिजलीय."

"याच हातांनी."

"एक्झॅक्टली."

"सरी, बरं," गुंडो म्हणाला. "मग हे हात मला पाहावे लागतील."

शार्दूल गेल्यावर मी गुंडोवर तुटून पडले. नाही म्हण, फेकून दे ते कागद! तो भिंतीकडे पाहत राहिला. "हात घेतलों आहे, अक्का." बस्स, एवढंच.

पुढच्या रविवारी शार्दूल वाजवायला आला. कारखान्यात दोन भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे पाहायला एक निळा रंग लावतात. जिथे टेकतं तिथे तो उमटतो. गुंडोने तो रंग मानेवर पातळ फासला आणि म्हणाला, "वाजवा. जे रोज वाजवतां तेच. एक तास."

शार्दूलने स्पर्धेचं गाणं वाजवलं. संपलं. पुन्हा तेच वाजवलं. गुंडो म्हणाला, "दुसरं?" तर तो म्हणाला, "सध्या यावरच फोकस आहे, अंकल." एक तास ते एकच गाणं! शेवटी गुंडोने खिडकीच्या उजेडात मान वळवून पाहिली. चोवीस पडद्यांपैकी चार पडद्यांजवळचा रंग पुसला होता, तोही दोनच तारांखाली. बाकी सगळी मान निळीशार. शार्दूलची दोनच बोटं निळी झाली होती आणि तो ती रुमालाला पुसत म्हणत होता, "हे जाईल ना?"

त्यानंतर त्या अमोनियाच्या सकाळी मी गेले. गुंडोने तोंडाला पंचा बांधला होता, डोळे लाल झाले होते. लाकडावर अमोनियाचा बोळा फिरत होता आणि ती हळद माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत होती, ठेचलेल्या नखासारखी. कडेचा लाकडाचा भाग त्याने खरवडून काढला होता. मागे किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडे मारले होते. प्रत्येक ओरखडा लाल वर्तुळाच्या आत होता, केसभर बाहेर नाही! खालच्या कोपऱ्यावर तापवलेल्या लोखंडाने पाडलेला गोल डाग अजून धुरत होता. बायकोच्या झाडाला तो चटके देत होता, आणि अंगठा तेव्हा अजिबात थरथरत नव्हता. त्याची मला जास्त भीती वाटली.

मी तिथे थांबले नाही.

जानेवारीत स्पर्धेच्या दिवशी शार्दूलने मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. पहिल्या रांगेत बसवलं. परीक्षक तिघे होते आणि त्यात एक व्यंकट. त्याला पाहून मला बरं वाटलं. शार्दूलच्या बँडची पाळी आली. त्याने गिटार गळ्यात घेतली, माईकसमोर आला आणि इंग्रजीत बोलायला लागला. ही गिटार पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहे. आम्ही गावोगाव हिंडायचो. स्टेशनांवरच्या वेटिंग रूममध्ये मी हिच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलो आहे.

मी ताठ झाले.

आणि हा डाग, तो म्हणाला, आणि त्याने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मिरज नावाच्या गावात वाजवत असताना दिवा हिच्यावर पडला. मी उजव्या हाताने सूर सोडला नाही, डाव्या हाताने दिवा उचलला.

टाळ्या पडल्या! माझ्या दत्ताजींचा तळवा जळला होता. त्या तळव्याला मी स्वतः तूप लावलं होतं. ते गेले तेव्हा त्यांच्या मागे रडायला घरचं कुणी नव्हतं, आम्ही कंपनीची माणसं होतो. आणि हा मुलगा माझ्या घरची थालीपिठं खाऊन, माझ्यासमोर डोळे पुसून, तो चटका चोरून घेऊन गेला होता. वर मलाच पहिल्या रांगेत बसवून ऐकवत होता. त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला! मी पिशवीतली लवंग काढून दाढेखाली धरली.

शिवाय बेस गिटार नुसत्या उजव्या हाताने वाजत नाही, हेही त्याला गोष्ट चोरताना सुचलं नव्हतं. व्यंकटच्या भुवया तेव्हाच वर गेल्या होत्या.

गाणं झालं. बरं वाजलं, ते खोटं कशाला सांगू? मग व्यंकट उठून मंचावर गेला. फणसाचं ते अंग त्याने इतक्या काळपट रंगातूनही ओळखलं असणार. "पाहूं का?" म्हणत त्याने गिटार मागून घेतली. चष्मा कपाळावर चढवला, मान डोळ्याशी नेली आणि एकेक पडदा पाहत गेला. चार पडदे तारांखाली खोल झिजलेले. उरलेले वीस कालच बसवल्यासारखे लखलखीत.

"पंधरा वर्षं," व्यंकट इंग्रजीत म्हणाला, अगदी प्रेमाने. "आणि एकच गाणं?"

मग त्यांच्या बँडची ड्रम वाजवणारी मुलगी, ऋजुता तिचं नाव, मराठीत ओरडली, "तरीच हा दुसरं गाणं घेऊ देत नव्हता!" आणि हसायला लागली. मग बाकीचे हसले. काय झालं ते न कळलेले अमेरिकेचे लोकही हसले. शार्दूलच्या तोंडाचा रंग उडाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भर रंगमंचावर माणूस उघडा पडताना मी पाहिला आहे, ते दृश्य शत्रूचंही पाहवत नाही.

दोन दिवसांनी तो शेडमध्ये आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने गिटार टेबलावर आपटली नाही, ठेवली. एवढं त्याच्या पदरात घालते.

"अंकल, तुम्ही मला मुद्दाम फसवलंत."

"लिहिलांत तसं केलों." गुंडोने कागद पुढे केला. "याच हातांनी."

"मला नको ही. भिंतीवरसुद्धा नको."

"आणि माझे दत्ताजी?" मी विचारलं. "त्यांना कुठे ठेवलंस?"

"काकू, ती नुसती गोष्ट होती," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. पैशाचा विषय दोघांनीही काढला नाही. तो गेला.

गुंडोने उठून भिंतीवरचा त्याचा हात खिळ्यावरून काढला. मेलेल्यांचे हात त्याने कधी काढले नव्हते. हा काढला, चार घड्या घातल्या आणि भुशाच्या डब्यात टाकला.

"बरं केलंस त्याचं," मी म्हणाले. "चांगला धडा मिळाला."

"अय्यो, अक्का, असं बोलूं नका." तो एकदम चिडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "मला माहीत होतं. निळा रंग पाहिलों तेव्हाच माहीत झालं, हा पकडला जाणार म्हणून. तोंडावर नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. सूड त्या पोराचा घ्यायचा होता आणि चामडी हिची सोललों." त्याने जळक्या डागावर अंगठा ठेवला. अंगठा पुन्हा थरथरत होता. "माझीच मला घाण वाटते."

'दे' म्हणणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी व्यंकटला घेऊन गेले. त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं. त्याने गिटार मांडीवर घेतली, नाक मुरडलं आणि खाली ठेवली. "दुसऱ्याच्या खोट्या जखमा घालून मी बसणार नाही, गुंडो. साफ कर. मग वाजवीन. रोज, जमेल तेवढं."

"तासलों तर पातळ होईल. आवाज अर्धा होईल."

"माझी बोटं कुठं पुरी आहेत?"

गुंडोने तारा उतरवल्या, अंग शिकंज्यात धरलं आणि रंधा उचलला. अंगठ्याने त्याला जमेना, तेव्हा व्यंकटने त्याच्या हातावर आपला वाकडा हात ठेवला आणि दोघांनी मिळून रंधा ढकलला. काळे, कुरळे छिलपे खाली पडायला लागले आणि त्यांच्यातून पुन्हा तो मुतारीचा वास उठला. मी दार पूर्ण उघडलं. जळका डाग सगळ्यांत खोल होता, तो जायला चौथा दिवस लागला. त्याच्याखाली हळद निघाली. झाकणाच्या आतलं शार्दूलचं नाव गुंडोने खोडरबराने पुसलं, गावाचं राहू दिलं. पण मान शार्दूलच्या हाताची होती, व्यंकटच्या कामाची नव्हती. नवी करायला हवी होती. भिंतीवर व्यंकटचा अठ्ठ्याहत्तर सालचा पंजा होता, त्यात सगळी बोटं सरळ होती. तोही कामाचा नव्हता.

गुंडोने नवा ब्राऊन पेपर पसरला. व्यंकटने आपल्या भेंड्या त्यावर ठेवल्या. पेन्सिल थरथरत होती म्हणून मी गुंडोचं मनगट धरलं.

"अजून वास येतो," व्यंकट म्हणाला.

"जाईल. आठ-पंधरा दिवसांत."

"जाईल?" मी विचारलं.

"हात हलवूं नको," गुंडो व्यंकटला म्हणाला, आणि करंगळीपासून कड काढायला सुरुवात केली.